साखळीतला वाघ

देवडोंगर संस्थानात रिवाज होता, की वर्षात वाघ मारील त्यानं दसऱ्याच्या दरबारात महाराजांच्या उजव्या हाताला बसायचं. ती जागा कायम सरदार सर्जेरावांची. यंदा तिथं व्यापारी गुलाबशेठ ऐटीत बसला आणि सर्जेरावांच्या पोटात दुखू लागलं.

शेठनं संस्थानच्या खजिन्यात पैसा ओतला होता. म्हणून शिकारखात्यानं पिंजऱ्यात पोसलेला वाघ साखळीनं झाडाला बांधून दिला आणि शेठनं मचाणावर लोडाला टेकून बार काढला. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलेना. सर्जेराव तेवढे बोलले, तर महाराज हसले, "जळता तुम्ही!"

शेठला चेव आला. "जळण्यापेक्षा माझ्यासारखी शिकार करून दाखवा!"

"तुमच्यासारखीच करतो. महाराजांनीही बघायला यावं," असं म्हणून सर्जेराव थेट शेठच्या पागेत गेले. महाराज आणि शेठही मागोमाग आले. तिथं शेठचा लाडका पंचकल्याणी घोडा खुंट्याला बांधला होता. सर्जेरावांनी गवताच्या भाऱ्यावर बैठक मारली, पाठीशी लोड घेतला आणि घोड्यावर बंदूक रोखली.

शेठ बोंबलत आडवा आला. "अहो, बांधलेलं जनावर आहे ते! बांधलेल्या जनावरावर बंदूक धरता? ही काय मर्दुमकी झाली?"

सर्जेरावांनी बंदूक खाली घेतली आणि उघडून दाखवली. ती रिकामी होती.

"ऐकलंत, महाराज?"

"ऐकलं," महाराज खाली बघत पुटपुटले. "पण सर्जेराव, तुम्ही जळता हे खरंच."

"जळतो तर! पण आत्ताचे शब्द माझे नाहीत, शेठचे आहेत."