कुणीच बाद न होणारा खेळ

एकदा काय झालं, ढगांच्या जरा वर एक डोंगर होता आणि त्या डोंगरावर एक राजा राहायचा. त्याची मुलगी शेवंती. तिचं लग्न ठरलं समुद्राकाठच्या राजपुत्राशी, सारंगशी.

मग मांडव घातला. साधासुधा नाही, बरं का! जाईच्या वेलांचा. वेल एका दिवसात वर चढले आणि कळ्यांनी नुसते लगडले. पण त्यांची एक रीत होती. मांडवातलं प्रत्येक माणूस मनापासून हसलं, तरच सगळ्या कळ्या उमलायच्या. त्याच फुलांच्या वरमाला करायच्या. आणि सूर्य बुडेपर्यंत कळ्या उमलल्या नाहीत, तर लग्न मोडायचं.

मग वऱ्हाड आलं. समुद्राकडची माणसं एका बाजूला बसली, डोंगराकडची दुसऱ्या बाजूला. कुणी कुणाशी बोलेना. राजा म्हणाला, "पाहुण्यांना काहीतरी खेळ हवा."

मग राजानं शर्यत लावली. देवळापर्यंत पळायचं आणि घंटा वाजवून यायचं. एक लांब टांगांचा शिपाई जिंकला. बाकीचे गुडघे चोळत बसले. शिपायाच्या डोक्यावरच्या तेवढ्या चार कळ्या उमलल्या.

मग प्रधानानं कोडी घातली. इतकी अवघड, की सगळी एकट्या शास्त्रीबुवांनीच सोडवली. पोरं जांभया देऊ लागली. बायका आपल्या बांगड्यांकडे बघत बसल्या. कळ्या उमलल्या किती? एक कळी!

सूर्य खाली आला. ऊन केशरी झालं.

सारंगची एक म्हातारी आत्या होती, बयोआत्या. सारंगला आई नव्हती, त्याला हिनंच वाढवलेलं. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती हळूच भोयांना म्हणाली, "मेणा आणा रे. मला ना पळता येत, ना कोडी सुटत. माझ्यामुळेच कळ्या अडल्यात. मी गेले की उमलतील."

शेवंतीनं ते ऐकलं. ती नवरीच्या शालूतच धावत गेली आणि आत्याजवळ जमिनीवर बसली.

"आत्या, तुम्हाला कोणता खेळ आवडतो?"

असं तिला कुणी विचारलंच नव्हतं, बरं का. आत्या म्हणाली, "लहानपणी आम्ही होडीत बसून नारळ फिरवायचो. या हातातून त्या हातात. ढोलकी थांबली की ज्याच्या हातात नारळ, त्यानं आवडत्या माणसाचं नाव घ्यायचं. उखाणा जमला तर उखाणा, नाहीतर साधं. बोलावंसं वाटलं नाही, तर नारळ नुसता हलवायचा. आतलं पाणी वाजतं, तेवढं पुरे."

"आणि बाद कोण होतं?"

"कुणीच नाही गं. होडीतून बाद होऊन जाणार कुठे?"

मग शेवंतीनं सगळ्यांना एका मोठ्या गोलात बसवलं. गोलात कसली ही बाजू आणि ती बाजू! ढोलकी वाजू लागली, हळू, लाटेसारखी. नारळ फिरू लागला.

ढोलकी थांबली. नारळ राजाच्या हातात. राजा उभा राहिला.

"हिऱ्यांचा मुकुट, सोन्याची झारी,
गोंदा आचाऱ्याचं नाव घेतो, त्याची बासुंदी भारी!"

गोंदा आचारी असा लाजला, की सगळा मांडव हसला. मग नारळ शास्त्रीबुवांकडे आला. त्यांना एवढी कोडी सुटली, पण उखाणा काही सुचेना. त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला आणि लहान मुलासारखे खुदकन हसले.

मग ढोलकी थांबली ती बयोआत्यापाशी. आत्यानं नारळावरून हात फिरवला.

"डोळ्यांनी दिसत नाही, पण ओळखते चाहूल,
शेवंतीचं नाव घेते, तिचं हलकं पाऊल."

आणि आत्या हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी.

मग काय सांगू! एक कळी उमलली. मग दहा. मग शंभर. मग सगळा मांडव पांढराशुभ्र झाला आणि वास ढगांवरून पार खाली गावांत उतरला. फुलं अलगद गळू लागली, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या मांडीवर. सूर्य अर्धा बुडाला होता. भराभर माळा ओवल्या, आणि शेवंतीनं सारंगच्या गळ्यात माळ घातली.

बयोआत्या महिनाभर डोंगरावर राहिली. शास्त्रीबुवांना ढोलकी शिकवली आणि मगच घरी गेली. शेवंती आणि सारंग सुखात नांदले, पाहुणेही सुखात राहिले.

ते सगळे केव्हाच झोपले, बाळांनो. आता तुम्हीही डोळे मिटा बघू.