उजव्या कॅलिपरला भिंत नको

गाडीचे सुटे भाग आपापसांत भांडत, त्या काळची गोष्ट. एका जुन्या जीपला दांडगं इंजिन बसवलं होतं. तिला आवरायला ब्रेकचे दोन नवे लाल कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणारे चिमटे, आले. इलाही मिस्त्री जेवायला गेले, तेवढ्यात उजवा डाव्याला म्हणाला, "माझी बाजू भिंतीकडे, तुझी रस्त्याकडे. हा लाल रंग काय पालींना दाखवू? सरक!"

डावा भिडस्त, तो सरकला आणि दोघांच्या जागा बदलल्या. मिस्त्रींनी आल्यावर हाताशी होते तसे दोघे बसवले, ब्रेक ऑइल भरलं आणि आतली हवा काढली. पण ब्रेकची पेडलमावशी घाबरली. पाय पडताच ती थेट तळाला टेकत होती, ब्रेक धरतच नव्हता.

"अरे उजव्या, उद्या घाट उतरायचाय! हवा वर चढून बसते आणि हवा काढायचं तुझं तोंड आलंय खाली. ती निघणार कशी?"

"मावशी, तुमचं वय झालं."

"झालं ना! म्हणून तर काही झाकणार नाही."

मिस्त्रींनी पुन्हा पाय ठेवला, तशी ती सपशेल खाली गेली. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला, कॅलिपरांची अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. मावशी टणक झाली.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या वळणावर मधोमध करडू उभं होतं. जीप त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. करडाने तोंडातला पाला संपवला आणि ते निघालं.

तापलेला उजवा कुरकुरला, "मावशी, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही!"

"अरे वेड्या, चारही पायांनी चाललंय ना ते!"