श्रीमंतांच्या खिडकीतला मनोरा

नगारखान्याचा नवा मनोरा वाकडा आहे, असं तांबेगडचे राजे श्रीमंत हैबतराव म्हणाले आणि त्या घटकेपासून तो वाकडा झाला. खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो चांगला सरळ दिसत होता. पण राजाला जे दिसतं तेच आपल्याला दिसावं, एवढं शहाणपण तांबेगडात सगळ्यांपाशी होतं.

मनोरा बांधला होता राणोजी पाथरवटानं. बिचारा ओळंबा घेऊन वर चढला आणि त्यानं दोरी खाली सोडली. भिंत आणि दोरी यांतलं अंतर वर बोटभर, खालीही बोटभरच.

"ओळंबा तुझा, दोरी तुझी आणि बोटही तुझंच," बांधकामांवर देखरेख करणारे अमीन नरहरपंत म्हणाले. "करारात काय लिहिलंय ते ऐक."

भर दरबारात त्यांनी करार वाचला. मनोरा श्रीमंतांच्या नजरेस सरळ दिसेल असा बांधून द्यावा. न दिसल्यास कारागिराची हत्यारं जप्त व्हावीत आणि त्यानं संस्थानात पुन्हा दगडाला छिन्नी लावू नये.

राणोजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. शेजारी त्याची लेक म्हाळसा उभी होती. लहानपणापासून बापाच्या ओळंब्याची दोरी धरून ती मोठी झाली होती. तिची जीभ छिन्नीहून धारदार आहे, असं तिची सासू म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

"सरकार," म्हाळसा पुढं होऊन म्हणाली, "काम बिघडलं तर सुधारायला मुदत देत्यात. आमालाबी द्यावी."

हैबतराव मिशीत हसले. "दिली. उद्या दिवस मावळायच्या आत मनोरा सरळ कर. पण त्यातला एक चिरा काढायचा नाही आणि एक नवा बसवायचा नाही."

दरबारात खसखस पिकली.

"आन् सरळ झाला का न्हाई, ते ठरवनार कोन?"

"आम्ही. आमच्या नजरेनं. करारात तसंच आहे."

"पंत, येवढं लिवून घ्या," म्हाळसा म्हणाली, "आन् खाली सरकारांचा शिक्का मारा."

पंतांनी हसत हसत लिहिलं आणि शिक्काही मारला.

घरी आल्यावर राणोजीनं कपाळाला हात लावला. "मनोरा म्हंजी काय बाज हाय का गं, पायाखाली खापरी सारून सरळ करायला?"

"आबा, मनोरा सरळच हाय. वाकडं दुसरंच कायतरी हाय. ते कुटं हाय, तेवढंच हुडकायचं."

सकाळी ती राजवाड्यासमोरच्या चौकात गेली. तिथं निशाणाची काठी होती आणि काठीखाली तिचा राखणदार भिवबा तंबाखू मळत बसला होता. म्हाळसानं मान वर केली. काठी चांगली हातभर उजवीकडं कलली होती.

"भिवबा काका, ही अशी का?"

"हळू बोल," भिवबा म्हणाला. "सरळच हुती. पन सरकारांना डावीकडं वाकडी दिसली. तीनदा उपटून रोवली, तवा कुटं त्यांचं समाधान झालं. आता आमी समदे तिला सरळ म्हनतो."

"सरकार बघत हुते कुटनं?"

"दिवानखान्याच्या खिडकीतनं. मनोराबी तितनंच बघत्यात."

घरी जाताना म्हाळसा गुणगुणत होती.

दुपार कलली तशी ती दिवाणखान्यात हजर झाली. हातात एक हातोडा, ओच्यात बाभळीच्या तीन पाचरी.

"बाई, मनोरा बाहेर आहे," नरहरपंत म्हणाले.

"ठावं हाय की. पन त्याचा एक चिराबी हलवायचा न्हाई, असा हुकूम हाय. मग तितं जाऊन करू काय?"

तिनं थेट खिडकी गाठली. चौकट गेल्याच वर्षी बसवलेली, तीही ओल्या लाकडाची. लाकूड सुकलं आणि उजवा कोपरा दोन बोटं खचून चौकट तिरकी झाली होती. पण रोज त्याच खिडकीशी बसणाऱ्याला ते कसं कळावं? म्हाळसानं त्या कोपऱ्याखाली एकामागून एक तिन्ही पाचरी ठोकल्या. चौकट करकरली, उचलली गेली आणि नीट उभी राहिली.

"आता बघावं, सरकार."

हैबतराव रोजच्या जागी बसले. त्यांनी बाहेर पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. चौकटीच्या कडेला कड लावून मनोरा ताठ उभा होता.

"सरळ आहे," ते पुटपुटले. मग एकदम दचकले. "पण ही निशाणाची काठी का वाकली?"

"काठी सरळ करायचं आमच्या करारात न्हवतं, सरकार."

 श्रीमंतांचं पोट आधी हललं, मागून हसू आलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले.

"पंत," दम खात ते म्हणाले, "ही खिडकी बरोबर बसली म्हणून दाखला कोणी दिला होता?"

नरहरपंत छताकडं पाहू लागले. छत मात्र सरळ होतं.

राणोजीची हत्यारं वाचली, वर मानाचं पागोटं मिळालं. म्हाळसाच्या हातात श्रीमंतांनी स्वतःच्या हातांनी सोन्याचे तोडे घातले. पंतांच्या हातात पहार आली आणि ते भिवबाबरोबर काठी उपटायला गेले.

"आता राजवाड्याची नवी कमान बांधायची आहे," हैबतराव म्हणाले. "राणोजी, करतोस करार?"

राणोजीनं लेकीकडं पाहिलं.

"करतो की," म्हाळसाच बोलली. "फकस्त एक कलम बदलावं लागंल, सरकार. नजर तुमची ऱ्हाऊ द्या, पन ओळंबा आमचा!"