करवंटी बुडेपर्यंत

पुस्तकं छापली जात नसत, हाताने लिहावी लागत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरांच्या मधोमध एक छोटं गाव होतं आणि त्या गावात विसाजी नावाचा एक लेखनिक राहत होता. जुन्या पोथ्या नकलून देणं हे त्याचं काम. सकाळी बोरू हातात घेतला की जेवणवेळ होईपर्यंत तो मांडी मोडत नसे. लोक म्हणत, "विसाजी लिहायला बसला की पाखरूसुद्धा त्याच्या डोक्यावर निवांत येऊन बसेल." हे कानावर आलं की त्याला मनातून बरं वाटे.

त्याची बायको भागीरथी सुईण होती. आसपासच्या वस्त्यांवरून बोलावणं आलं की ती निघे आणि बहुतेक दिवशी संध्याकाळीच घरी परते. त्यांना एकच मुलगी होती, सात वर्षांची. तिचं नाव सगुणा.

सगुणा एका जागी बसत नसे. उंबरा ती कधी ओलांडत नसे, त्यावरून उडीच मारत असे. बोलताना एका पायावर उभी राही आणि ऐकताना दुसऱ्या.

गावात शाळा नव्हती. राजाचा नियम असा होता की जिथे शाळा नाही तिथे आईवडिलांनी मुलांना घरीच शिकवावं. वर्षातून एकदा पंतोजी गावोगाव फिरून मुलांची परीक्षा घेत. जे मूल मागे पडलेलं दिसेल, त्याला दूर राजधानीच्या पाठशाळेत नेऊन ठेवत. तिथे गेलेली मुलं दिवाळीलाच काय ती घरी येत.

म्हणून विसाजी रोज सकाळी ओसरीवर चटई अंथरून सगुणाला शिकवायला बसे. समोर लाकडी पाटावर बारीक धूळ पसरलेली असे, तिच्यावर बोटाने अक्षरं काढायची. सगुणा तीन अक्षरं काढी आणि चौथ्याला उठे. कधी खार बघायला, कधी शेजारची शेळी का ओरडते ते बघायला, कधी उगीचच.

"बस खाली," विसाजी म्हणे.

ती बसे. आणखी दोन अक्षरं होत, की पुन्हा उठे. दुपारपर्यंत विसाजीचा घसा कोरडा पडे. शिकवण्यापेक्षा 'बस' हा शब्दच त्याच्या तोंडून जास्त वेळा निघालेला असे.

त्यांचा शेजारी कुंपणापलीकडून हे बघत असे. एकदा तो म्हणाला, "पाठवून द्या तिला राजधानीला. तिकडे बसवतील बरोबर."

त्या दिवशी विसाजी अर्ध्या ताटावरून उठला. पंतोजी यायला तीन महिने उरले होते, आणि सगुणाशिवाय हे घर कसं दिसेल याचा विचारही त्याला करवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या उपरण्याची एक पट्टी फाडली. सगुणाच्या पायाला ती सैलसर गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक जड मेजाच्या पायाला बांधलं.

"दुखत नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही बाबा," सगुणा म्हणाली.

आणि सगुणा बसली. सकाळभर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. विसाजीला वाटलं, इतकं सोपं होतं तर आधीच का सुचलं नाही.

पण चार दिवसांनी काही वेगळंच दिसायला लागलं. सगुणा धुळीत एकच अक्षर काढून ते पुसत बसे. काल आलेला हिशेब तिला आज येत नसे. नखं कुरतडून कुरतडून तिची बोटं लाल झाली होती. डोळे पाटाकडे असत, पण तिथे काय लिहिलंय ते तिला दिसत नसे.

संध्याकाळी भागीरथी घरी आली की लेकीला विचारी, "आज काय काय विचारलंस बाबांना?" पूर्वी सगुणाची यादी संपत नसे. मुंगीला घाम येतो का, कालचा दिवस कुठे जातो, असलं काहीबाही. आता ती मान हलवी आणि गप्प राही. भागीरथीने नवऱ्याकडे पाहिलं. त्यालाही तिचा एकही प्रश्न आठवेना.

नवव्या दिवशी सकाळी विसाजी हातपाय धुऊन ओसरीवर आला. सगुणा आधीच चटईवर येऊन बसली होती. तिने स्वतःच्या हाताने पायाला पट्टी बांधली होती आणि दुसरं टोक मेजाला गुंडाळून त्याला गाठींवर गाठी मारल्या होत्या.

"आज मीच बांधलं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला राग येणार नाही."

विसाजी जागच्या जागी खाली बसला.

"माझे पाय वाईट आहेत बाबा," सगुणा हळूच म्हणाली. "मी त्यांना सांगते, पण ते ऐकत नाहीत."

विसाजीने तिचा पाय मांडीवर घेतला. गाठ इतकी घट्ट होती की सुटेना. शेवटी त्याने दाताने ती सोडवली. कातडीवर लाल वळ उठला होता. त्याच्यावर त्याने अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिला.

"पाय वाईट नाहीत गं," तो म्हणाला.

"मग काय वाईट आहे?"

"मला ठाऊक नाही," तो खरं ते बोलला. "पण तुझ्यात काही वाईट नाही, एवढं ठाऊक आहे. चल, आज तू मला ने. तू जाशील तिकडे मी येतो."

सगुणाला आधी खरं वाटेना. मग ती उठली, उंबऱ्यावरून उडी मारली आणि धावत सुटली. ओढ्यापर्यंत, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे, तिथून टेकडी चढून वर. विसाजी धापा टाकत मागोमाग गेला. किती वर्षांत तो असा चालला नव्हता.

टेकडीवर पोचल्यावर सगुणा एका खडकाजवळ आपणहून बसली. खडकावरून मुंग्यांची रांग चालली होती. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत राहिली. विसाजीने तिला बसायला सांगितलं नव्हतं, तरी ती हलली नाही. चांगला बराच वेळ गेला. मग तिने विचारलं, "बाबा, पुढच्या मुंगीला वाट कोण सांगतं?" आणि त्यापाठोपाठ आणखी पाच-सहा प्रश्न.

विसाजी उत्तरं देत होता, पण त्याचं लक्ष तिच्या पायांकडे होतं. ते शांत होते.

संध्याकाळी त्याने भागीरथीला सगळं सांगितलं. पट्टीचंही सांगितलं, मान खाली घालून. भागीरथीने निजलेल्या लेकीच्या पायाला तेल लावलं आणि म्हणाली, "अहो, बाई अडली की मी तिला खाटेवर दाबून ठेवत नाही. उठवते, हात धरते, अंगणात चालवते. अंग मोकळं झालं की पुढचं सोपं जातं. तुम्हाला बसणं सुखाचं वाटतं म्हणून तुम्ही बसता. तिला त्रास होतो म्हणून ती उठते. हट्ट नाही हो तो."

दुसऱ्या दिवशी विसाजीने एक करवंटी घेतली आणि तिच्या बुडाला बारीक भोक पाडलं. पाण्याने भरलेल्या पातेल्यात ती ठेवली की हळूहळू पाणी आत शिरे आणि शेवटी करवंटी बुडे.

"ही तरंगते आहे तोवर अक्षरं," तो सगुणाला म्हणाला. "ही बुडली की उठायचं."

"उठायचंच?"

"उठायचंच. मीसुद्धा."

पहिल्या दिवशी करवंटी फार सावकाश बुडत होती. ती अर्धीही भरली नसताना सगुणा चुळबुळायला लागली. विसाजीने भोक थोडं मोठं केलं. पुन्हा लहान पडलं, पुन्हा मोठं केलं. असं करता करता सगुणाचं मन जेवढा वेळ चटईवर राही, तेवढ्याच वेळात करवंटी बुडू लागली.

बुडली की दोघं उठत. सगुणा छोट्या कळशीने वांग्याच्या रोपांना पाणी घाली. कधी जात्याचा खुंटा धरून आईने ठेवलेली मूठभर ज्वारी दळी. मागच्या दारच्या पायऱ्यांवर एकेक उडी मारत कधी दोनाचा, कधी पाचाचा पाढा म्हणे, वर जाताना सरळ आणि खाली येताना उलटा. मग पाणी पिऊन दोघं परत चटईवर येत आणि करवंटी पुन्हा पाण्यावर ठेवत.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या दिवशी विसाजी एक ओळ पुरी करायला मागे थांबला, तर पाणी आणायला गेलेली सगुणा परत आलीच नाही. शोधत गेला तेव्हा ती चिंचेच्या शेंड्यावर होती. त्याला राग आला, आणि रागाबरोबर पायावरचा तो वळही आठवला. तो खाली उभा राहून म्हणाला, "चूक माझी झाली. मी बरोबर यायला हवं होतं. ये खाली, करवंटी रिकामी करून ठेवली आहे." सगुणा उतरून आली. त्यानंतर तो कधी मागे थांबला नाही.

शेजारी कुंपणापलीकडून हसला. "काय हो विसाजी, पोथ्या लिहायच्या सोडून उड्या मारायला लागलात?" विसाजीचे कान तापले. पण सगुणा पायरीवर थांबून त्याची वाट बघत होती, म्हणून त्याने उडी मारली.

दिवस गेले. अक्षरं अजून वाकडीच होती, पण आता ती शब्द होऊ लागली होती. आणि एका थंड सकाळी पंतोजी आले.

ते वृद्ध होते, काठी टेकत चालत, फार कमी बोलत. ओसरीवर बसून त्यांनी आपली वही उघडली आणि सगुणाला समोर बसवलं. तिने वाचून दाखवलं. चार ओळी लिहून दाखवल्या. मग हिशेब सुरू झाले. दोन बरोबर आले. तिसऱ्याला सगुणाचा गुडघा हलायला लागला, मग बोटं, मग सगळं अंग.

"सात टोपल्या," पंतोजी म्हणाले. "प्रत्येकीत पाच आंबे. एकूण किती?"

"तीस," सगुणा म्हणाली. पायऱ्यांवर पाचाचा पाढा तिने कितीदा तरी म्हटला होता.

पंतोजींनी वहीत काहीतरी लिहिलं. "स्थिर बस," ते म्हणाले.

सगुणाने बाबांकडे पाहिलं. विसाजीला वाटलं, आपण आता 'बस' म्हटलं तर ती बसेल. आपल्यासाठी, दात आवळून बसेल. पुढचे हिशेब तसेच चुकतील, पण निदान पोर अवखळ आहे असं तरी पंतोजी लिहिणार नाहीत. त्याच्या ओठांवर तो शब्द आला होता.

"पंतोजी," तो म्हणाला, "तिला जरा पळून येऊ द्या."

"परीक्षेच्या मध्येच?"

"हो. मी तिला असंच शिकवलंय. हवं तर तसं वहीत लिहा."

पंतोजींनी भुवया उंचावल्या. "आणि परत आली नाही तर?"

"येईल," विसाजी म्हणाला. आज तो बरोबर जाऊ शकत नव्हता. "जा सगुणा. ओढ्यापर्यंत जा आणि ये."

सगुणा गेली. तिच्या पावलांचा आवाज लांब गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. पंतोजी डोळे मिटून बसले होते. विसाजी मात्र वाटेकडे बघत होता. एकदा गेलेली पोर चिंचेच्या शेंड्यावर सापडली होती, हे तो विसरला नव्हता.

मग पावलं वाजली. सगुणा आली. केस विस्कटलेले, गुडघ्याला चिखल. ती पाणी प्यायली, चटईवर मांडी घालून बसली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "पस्तीस. मघाशी मी तीस म्हटलं होतं. ते चुकलं होतं."

पंतोजींनी आणखी चार हिशेब घातले. तीन बरोबर आले, एक चुकला. पंतोजींनी वही मिटली.

"अक्षर वाकडं आहे. एक हिशेब चुकला," ते म्हणाले. "पण हिला जे येतं ते पक्कं येतं. आणि आपलं चुकलं हे हिला आपणहून कळतं. राहू दे हिला घरीच."

विसाजीला हात जोडायचंही सुचलं नाही.

पंतोजी थोडा वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. "माझ्या पाठशाळेत अशी मुलं होती," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी त्यांना कोपऱ्यात उभं केलं. ती शिकली नाहीत. मला वाटायचं, त्यांचंच काहीतरी चुकतंय."

निघताना उठायला त्यांना वेळ लागला. सगुणाने काठी आणून दिली.

"ओढ्यापर्यंत येतेस का माझ्याबरोबर?" त्यांनी तिला विचारलं. "बसून बसून पाय आखडलेत."

सगुणाने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान डोलावली. ती निघाली. पंतोजी सावकाश चालत होते आणि ती पुढे धावत जाऊन परत त्यांच्यापाशी येत होती. ते तो रस्ता एकदा चालले, तेवढ्यात ती तो तीनदा चालली. प्रत्येक वेळी परत येताना ती एक नवा प्रश्न घेऊन येई आणि म्हातारे पंतोजी थांबून, काठीवर भार देऊन, नीट विचार करून तिला उत्तर देत.

तात्पर्य एवढंच: चळवळ्या मुलाला दाबून बसवलं तर त्याचं नुसतं अंग बसतं. मधून मधून त्याला मोकळं धावू दिलं, तर ते मनासकट परत येऊन बसतं.