न चाखलेली आमटी

"म्हणजे माझ्या हातचं मीठ कमी पडतं, असं तुम्हालाही वाटतं का, काका?"

नरहरीकाकांनी चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. पितळी तपेल्यात रटरटणारी आमटी खाली बसली आणि संथ उकळू लागली.

मंदार उंबऱ्याशीच उभा होता. नदीवर आंघोळ करून, सोवळं नेसून आला होता. तरी आत पाऊल टाकायला बिचकत होता. सात वर्षांनी येत होता तो मठात. त्याआधीची आठ वर्षं याच स्वयंपाकघरात काकांच्या हाताखाली गेली होती. धुरानं काळं पडलेलं तेच आढं. खिडकीखालची तीच गार फरशी, जिथं बसून त्यानं ढीगभर पडवळं चिरली होती. चिंचगुळाचा तोच वास.

वास आला आणि त्याला उगीचच भरून आलं. मग आपण रागावून आलो आहोत, हे आठवलं.

"कोण म्हणालं कमी पडतं?" काकांनी विचारलं.

"नॉर्वेहून आलेला शेफ. मुंबईत चाचणी घेतली त्यानं. तीन वर्षं अर्ज करतोय मी बाहेरच्या नोकरीसाठी, तेव्हा कुठं हे एक बोलावणं आलं. मी आमटीभात केला. त्यानं एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, मीठ थोडं कमी आहे."

"मग?"

"मी म्हटलं, शक्य नाही."

"तोंडावर?"

"तोंडावर! पुण्याच्या हॉटेलात सात वर्षं याच हातानं मीठ घालतोय, एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, असं सांगितलं."

"तुमच्या त्या हॉटेलात टेबलावर मिठाची बाटली असते का रे?"

"असते की. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

मंदार आत आला. भिंतीला टेकून बसला.

"मग त्यानं चमचा भरून माझ्यापुढे धरला. म्हणाला, तू स्वतः चाखलीस का? आणि काका..."

त्यानं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

"हात वर गेलाच नाही. हनुवटीपर्यंत आला नि अडकला. सगळे बघत होते. तो म्हणाला, जो स्वतःचं चाखत नाही, त्याला मी माझ्या स्वयंपाकघरात घेऊ कसा? गुरुवारी पुन्हा ये. चाखून दाखव. शेवटचं."

काका ओठ न उघडता हसले.

"विमानात बसायला निघालास, आणि चमचा उचलवत नाही होय?"

"तुम्हीच शिकवलंत ना!"

खरं होतं ते. मठाची रीतच होती. नैवेद्याआधी काही चाखायचं नाही. रंग बघायचा, वास घ्यायचा, उकळीचा आवाज ऐकायचा. मीठ मुठीनं घालायचं, आणि मुठीतली करंगळी दुमडून, म्हणजे मूठ जरा आखूड भरते. नैवेद्य झाला की पंगत बसे. पानात डावीकडे मीठ वाढलेलं असे, आणि प्रसादाला नाव कुणी ठेवायचं नसे. काकांनी पन्नास वर्षं असंच रांधलं. मंदारच्या हातात ती रीत अशी मुरली, की मठ सुटला तरी ती सुटली नाही.

"मला एवढंच सांगा," मंदार म्हणाला. "आपलं माप चुकतं का? तुम्ही नाही म्हणालात, की मी गुरुवारी ताठ मानेनं जातो. नोकरी मिळो न मिळो."

काकांनी मिठाचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"घाल."

मंदारनं मूठ भरली. करंगळी आपोआप दुमडली. मीठ तपेल्यात पडलं, उकळी क्षणभर दबली, पुन्हा वर आली. दोघांनीही नकळत कान दिला. आवाज बरोबर होता. सात वर्षं जणू गेलीच नव्हती.

"आता चाख."

"काका! नैवेद्य व्हायचाय अजून."

"माहीत आहे."

"बाहेर माणसं खोळंबलीत..."

"तेही माहीत आहे."

मंदार हलला नाही.

काका गुडघ्यावर हात रेटून उठले. गाभाऱ्याकडचं दार त्यांनी हळूच लोटून घेतलं. अगदी हळू, कुणी निजलेलं असावं तसं. परत येऊन पळीभर आमटी काढली, फुंकली, तळहातावर थोडी ओतली.

आणि ओठाला लावली.

पन्नास वर्षं... आणि असं, उभ्या उभ्या.

काका डोळे मिटून राहिले. मग त्यांनी पळी मंदारपुढे धरली.

आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मंदारनं तळहात पुढे केला. हात हनुवटीशी अडला... आणि वर गेला.

ही आमटी त्यानं हजारदा खाल्ली होती. पंगत उठल्यावर, दुपारी दोनला, निवलेली, पानातल्या मिठाशी कालवलेली. अशी चुलीवरून उतरता उतरता कधीच नाही. जीभ पोळली. चिंच आली, गूळ आला, पाठोपाठ मसाला आला. डोळ्यांत पाणी आलं ते पोळल्यामुळे, असं त्यानं ठरवलं.

मग तो वाट बघत राहिला. जे यायला हवं होतं ते येईना.

"काका..."

"बोल."

"मीठ..."

"बोल ना. मी काय प्रसाद आहे, नाव ठेवायला भितोस?"

"थोडं कमी आहे, काका."

काकांनी मान हलवली. रागानं नाही. ते तपेलं फडक्यानं धरून दोघांनी बाजूला उतरवलं. काकांनी हात धुतले, मंदारला धुवायला लावले, दुसरं तपेलं चढवलं.

"ती आपल्याला. देवाला नवी करू. आज पंगत उशिरा बसेल."

मंदारनं शिजलेली डाळ घोटली, चिंचेचा कोळ काढला, गूळ घातला. एकमेकांना काही सांगावं लागलं नाही. दोघांचे हात जुन्या वाटांनी फिरत होते. उकळी फुटली. मंदारनं डब्यात हात घातला, मूठ भरली. आणि या वेळी करंगळी उघडीच ठेवली.

"या आमटीत वाढवतो मीठ. वाढवू ना?"

काकांनी गाभाऱ्याच्या दाराकडे पाहिलं आणि हात लांब करून त्याची करंगळी हलकेच दुमडली.

"गुरुवारी वाढव. इथं नको... पन्नास वर्षं एका शब्दानं बोलला नाही रे तो. आता त्याला असंच आवडत असेल."