करवंटीचं भोक

एकदा एक म्हातारा खाडीकाठी राहत होता. उधाणाचं पाणी बांधावर चढेल की नाही, हे तो आधीच सांगे. मंत्रतंत्र काही नाही हो. समुद्राच्या तोंडापासून बांधापर्यंत त्याने बारा खुंट ठोकले होते. भोक पाडलेली करवंटी पाण्यात सोडली की ती बुडेपर्यंत लाट एका खुंटावरून दुसऱ्यावर येई. मग तो वाळूत शिंपल्यांची ओळ मांडी. दर खुंटाला एक ढीग, जितकं पाणी तितके शिंपले. एक ओळ म्हणजे एक करवंटी बुडण्याइतका वेळ. समुद्राच्या तोंडाशी पहाटेच्या भरतीला मोजलेलं पाणी, तो पहिला ढीग. बाकीचा नवा ढीग केवढा, ते त्याच जागच्या जुन्या ढिगांवरून आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवरून ठरे. अशा रीतीने संध्याकाळचं पाणी तो दुपारीच वाळूवर चालवी.

त्याची शिष्या बामी, मिठागरात राबणारी. तिला वाटलं, खुंट विरळ आहेत, वळणावरची लाट मधूनच निसटते. तिने प्रत्येक दोन खुंटांमध्ये आणखी एक ठोकला. पुनवेच्या आदल्या दिवशी ओळी मांडल्या, तर आक्रीत! चार ओळी शहाण्यासारख्या. पाचवीत एक ढीग गुडघ्याएवढा, शेजारी खड्डा. सातवीत ढीग कमरेला लागला.

पेठेतला शेट धावत आला. "माडाएवढी लाट येतेय! उद्या मिठागराचा बांध फोडा. पाणी तिकडे वळेल, पेठ तरी वाचेल."

"आणि आमच्या नऊ घरांचं हंगामाचं मीठ?" बामीने विचारलं.

"पुढल्या वर्षी पिकवा."

"तेव्हा उन्हात तुम्ही उभे राहणार का, शेट?"

"अगं, तुझेच शिंपले सांगतायत ना!"

म्हाताऱ्याने करवंटी उचलली, खिळा घातला आणि भोक चांगलं रुंद केलं.

"आजा! मापच मोडलंत?"

"बाय," म्हातारा म्हणाला, "खुंट दुप्पट केलेस, वेळेचं माप तेच ठेवलंस. त्या जुन्या मापाने करवंटी बुडेपर्यंत लाट दोन खुंट ओलांडते. तुझा ढीग मात्र फक्त शेजाऱ्याला विचारतो. लाट जिथून निघाली, तिथली वार्ता त्याला मिळालेलीच नाही. मग तो चुकतो, आणि पुढचा त्याहून मोठ्याने चुकतो. जवळून पाहायचं, तर लवकर लवकर पाहायला हवं. भोक रुंद, म्हणजे करवंटी निम्म्या वेळात बुडेल. खुंट दुप्पट, ओळी दुप्पट. श्रम चौपट."

"चौपट तर चौपट." बामीने पदर खोचला.

पहाटेच्या भरतीला नवी करवंटी घेऊन ती समुद्राच्या तोंडाशी बसली, चढतं पाणी मोजलं. मग भर उन्हात ओळीमागून ओळ मांडली. शिंपले संपले, तेव्हा मिठाचे खडे घेतले. शेटची माणसं कुदळी घेऊन आली, तेव्हा ती बांधावर जाऊन बसली. "पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटं राहील. फोडायचा तर आधी मला उचला."

उधाण आलं. वळणावर फुगलं, बांधाला घासलं, थांबलं. शेटने वाकून बोटं लावली. "तीनच आहेत! चार म्हणाली होतीस."

"मग अजून खुंट हवेत," बामी म्हणाली.

पण खुंटाआधी तिने खिळा मागितला.