सात गाठींची दोरी

डोंगरातल्या खिंडीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर जास्तच नीट ऐका.

खिंडीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक. दोन्हींच्या मध्ये गवताचा मोठा माळ. ते गवत कुणाच्या गुरांनी चरायचं, यावरून पूर्वी डोकी फुटायची. मग दोन्ही गावांच्या शहाण्या माणसांनी ठरवलं, डोकी फोडण्यापेक्षा खेळून ठरवू.

खेळ असा होता. वाळलेल्या भोपळ्याच्या पोकळ तुंब्यात मूठभर बी भरायचं. एका गड्यानं तो तुंबा काखेत घेऊन माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. त्याला म्हणत धाव्या. त्याच्यापुढे आठ दांडगे गडी चालायचे, समोरून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचे आणि धाव्याला वाट करून द्यायचे. त्यांना म्हणत आडवे. ज्या गावाचा तुंबा न फुटता आधी पलीकडे पोचेल, वर्षभराचं गवत त्याचं.

अलीकडच्या गावाचा धाव्या होता म्हाळू. वय एकोणीस, अंगानं काटकुळा, पण पळायला लागला की कुत्रीसुद्धा पाठलाग सोडून खाली बसायची. घरी आई आणि दोन शेळ्या. जमीन नाही. जे काही होतं ते दोन पायांत होतं.

धाव्या निवडायची गावात एक रीत होती. जोरात पळणारा पोरगा सोळा वर्षांचा झाला, की गावाचा नाईक अंबाडीच्या दोरीला सात गाठी मारायचा आणि ती दोरी चावडीच्या भिंतीवर टांगायचा. दर वर्षी खेळ झाला, की एक गाठ सोडायची आणि धाव्याच्या घरी एक पोतं ज्वारी पोचवायची. सातही गाठी सुटेपर्यंत धाव्यानं याच गावासाठी पळायचं, याच पोत्यावर. सातच का, ते कुणी विचारलं नव्हतं. जुनं आहे म्हणून बरोबर आहे, असं मानायला माणसाला काही कष्ट पडत नाहीत.

म्हाळूनं तीन वर्षांत तीन खेळ जिंकून दिले. पण तिसऱ्या खेळात शेवटच्या वळणावर त्याच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी कट्ट वाजलं. तो तसाच पळत राहिला. गावानं गुलाल उधळला. गुडघ्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत गाठ सोडायचा सोहळा झाला. लोक पांगल्यावर म्हाळू आपली दोरी खुंटीला अडकवायला मागच्या भिंतीपाशी गेला. तिथं जुन्या धाव्यांच्या दोऱ्या टांगलेल्या होत्या, धुरानं काळ्या पडलेल्या. त्यानं सहज एक हातात घेतली. तिला दोन गाठी होत्या. दुसरीला तीन. तिसरीला पाच. त्यानं सगळ्या दोऱ्या चाचपल्या. सातही गाठी सुटलेली दोरी त्या भिंतीवर एकही नव्हती.

एका दोरीला त्याच्या दोरीसारख्याच बरोबर चार गाठी होत्या.

“ती माझी,” मागून आवाज आला. खेळाच्या वेळी गड्यांना पाणी पाजणारे सटवाजीआबा दारात उभे होते, पाय ओढत आलेले. “चौथ्या खेळात गुडघा गेला बघ.”

“मग उरलेली चार पोती?”

आबा हसले. “पळेल त्याला पोतं. जो पळत नाही, त्याला कसलं पोतं? त्याला घागर.” आणि त्यांनी खांद्यावरची घागर थोपटली.

म्हाळूनं ती दोरी परत खुंटीला लावली. त्याला एवढंच कळलं की या दोरीनं धाव्या बांधला जातो, गाव बांधलं जात नाही. आणि गावातल्या आया पोरांना दटावतात त्याचा अर्थही आता कळला. “फार जोरात पळू नको रे, नाईकाच्या नजरेत भरशील,” असं त्या म्हणायच्या. त्याला वाटायचं, त्या दृष्ट लागण्याबद्दल बोलतात.

पुढच्या सुगीआधी सराव सुरू व्हायचा होता. म्हाळू नाईकाकडे गेला.

“नाईक, माझी दोरी नवीन बांधा. तीन गाठींची. आणि मधेच माझा पाय मोडला, तरी तिन्ही पोती घरी येतील असा शब्द द्या.”

नाईक वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या बापानं आणि आज्यानं जे केलं, ते वेगळ्या तऱ्हेनं करता येतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तो म्हणाला, “पोरा, ज्याची जीभ पळायला लागते त्याचे पाय थांबतात. चार गाठी उरल्यात. मुकाट्यानं पळ.”

“नाही पळणार.”

“मग माझा भाचा पळेल. गावात पाय काय तुला एकट्यालाच आहेत?”

म्हाळू सरावाला गेला नाही. घरामागच्या बाभळीखाली शेळ्या राखत बसला. तीन दिवसांत ही बातमी खिंडीपलीकडे गेली, आणि चौथ्या दिवशी पलीकडच्या गावाचा माणूस आला. गोड बोलणारा, हातात गुळाची ढेप घेतलेला.

“आमच्याकडे ये. दोन पोती देऊ. वर एक दुभती गाय.”

“आणि गुडघा गेला तर?”

तो माणूस गोंधळला. “तर... तर काय? दुसरा बघू.”

“गूळ घेऊन जा,” म्हाळू म्हणाला. “शेळ्यांना सोसत नाही.”

त्याच संध्याकाळी आडव्यांचा म्होरक्या दगडू त्याच्याकडे आला. दगडू म्हणजे दारातून आत यायला आडवं व्हावं लागेल असा माणूस. तो बाभळीला टेकून बसला, तशी बाभळ कुरकुरली.

“काय सरकार, बरं चाललंय? सावलीत बसून?”

“टोमणे नको मारूस, दगडूदादा. माझं चुकतंय का सांग.”

“मागतोस ते बरोबर आहे. पण मला एक सांग, तू हा खेळ एकट्यानं जिंकतोस का?”

“पळतो तर मीच ना!”

दगडू उठला. त्यानं कुंपणावरचा एक भोपळा तोडून म्हाळूच्या हातात दिला. “पळ. त्या उकिरड्यापर्यंत. मी एकटाच मधे उभा राहतो. मला चुकवून दाखव.”

म्हाळू पळाला. डावीकडे झुकला, उजवीकडे वळला, आणि दहाव्या पावलाला आभाळाकडे तोंड करून उताणा पडला. भोपळा त्याच्या छातीवर होता आणि भोपळ्यावर दगडूचा पंजा.

“समोर माझ्यासारखे आठ असतात,” दगडू त्याला उठवत म्हणाला. “त्यांना आम्ही अंगावर घेतो. गेल्या साली माझी बरगडी मोडली, आठवतंय? दोन महिने मी कुशीवर वळलो नाही. माझी दोरी कुठल्या खुंटीला आहे रे? आम्हा आठ जणांची तर दोरीच नाही. तू मागतोस ते तुझ्या एकट्यासाठी. म्हणून नाईक तुला एकट्याला उत्तर देतो.”

म्हाळूचे कान तापले. अंगावरची माती झटकायचंही तो विसरला. तीन वर्षं तो ज्यांच्या पाठीमागून पळाला होता, त्यांच्या पाठी त्यानं कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

“दादा,” तो म्हणाला, “उद्या तुम्ही आठही जण माझ्याबरोबर याल?”

“यायला काय, आम्ही कधीचे वाट बघतोय. पण तू सावलीतून उठेचनास.”

सकाळी माळावर नाईक भाच्याला घेऊन उभा होता. भाचा पंधरा-सोळाचा, पळायला चांगला, घाबरायला त्याहून चांगला. आडवे आले आणि ओळीनं खाली बसले. म्हाळूही त्यांच्यात बसला.

“उठा!” नाईक ओरडला. कुणी उठलं नाही. “बरं. बसा. माझा भाचा एकटा पळेल.”

भाच्यानं रिकाम्या माळाकडे पाहिलं, मग मामाकडे. “मामा, माझ्यापुढं आडवं कोण होणार? तुम्ही?”

आडव्यांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. नाईकाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं काही म्हणायच्या आत सटवाजीआबा घागर खाली ठेवून पुढे आले.

“नाईक, भांडण नंतर करू. माझं एक काम कर. माझी दोरी सोडून दे. तुझ्या बापानं बांधली होती. मी आता म्हातारा झालो, भिंतीवर लटकत राहायचा कंटाळा आला.”

एवढ्याशा कामाला नाही कसं म्हणणार? सगळे चावडीत गेले. नाईकानं चार गाठींची दोरी खाली काढली आणि पहिल्या गाठीत नख घातलं. गाठ हलली नाही. त्यानं दात लावले. चाळीस वर्षांच्या धुरानं अंबाडीचं लाकूड झालं होतं. नख तुटलं, बोटातून रक्त आलं. सूर्य डोक्यावर आला तरी पहिली गाठ तशीच होती.

“कापू का?” तो शेवटी म्हणाला.

“काप की. पण या भिंतीवर अजून अकरा दोऱ्या आहेत. त्यांचंही बघ.” आबांचा आवाज शांत होता. “तुझा बाप भला माणूस होता. गाठ मारताना त्याचा हात एकदम हलका. सोडायची वेळ आली तेव्हा मी अंथरुणावर होतो, आणि तो नव्या पोराला गाठी मारत होता.”

नाईक भिंतीकडे बघत बसला. त्या दोऱ्या त्यानं जन्मभर पाहिल्या होत्या. त्यांतली माणसं आज पहिल्यांदा पाहिली. कोण गुरं राखतो, कोण घागर वाहतो, कोण गाव सोडून गेला. सगळे एके काळी गुलालात न्हालेले.

मग मागे वळून त्यानं विचारलं, “म्हाळू, तुझं म्हणणं काय होतं?”

“माझं बदललंय, नाईक. आता नऊ दोऱ्या हव्यात. आठ आडव्यांच्या, एक माझी. तीन-तीन गाठींच्या. आणि दोरीचं एक टोक आमच्या हातात, एक गावाच्या. आम्ही धडधाकट असू तोवर आम्ही खेळू. आम्ही मोडलो, तर गाव आपल्या गाठी सोडत राहील.”

“नऊ जणांना पूर्ण पोतं? गाव काय खाईल मग?”

“आडव्यांना अर्धं चालेल,” दगडू म्हणाला. “पण माझ्या अर्ध्या पोत्याचं तोंड जरा मोठं शिवा.”

या वेळी नाईकही हसला. दिवस मावळायच्या आत नऊ दोऱ्या झाल्या. सटवाजीआबांची दोरी मात्र त्यानं कापली नाही. ती तेलात बुडवून ठेवली आणि म्हणाला, “आबा, दर सुगीला एक गाठ. आणि दर गाठीला एक पोतं. उशीर झालाय, पण देतो.”

त्या वर्षी गावानं खेळ जिंकला. त्याच्या पुढल्या वर्षीचं मात्र ऐका.

माळाच्या मधोमध म्हाळूचा डावा गुडघा पुन्हा वाजला, आणि या वेळी पायच वळला. तो पडला. तुंबा त्यानं पोटाशी धरला, फुटू दिला नाही, पण पलीकडे पोचला नाही. गाव हरलं. वर्षभराचं गवत खिंडीपलीकडे गेलं. लोक घरी परतले, आणि म्हाळू दगडूच्या पाठीवरून.

मोडलेल्या पायाच्या माणसाला दिलेला शब्द पाळणं सोपं असतं, पण कधी? गाव जिंकलेलं असेल तेव्हा. हरलेलं गाव काय करतं, ते बघायला म्हाळूची आई सुगीभर दाराकडे डोळे लावून बसली होती. गाईंना चारा कमी पडला होता. दूध आटलं होतं. कुणी काही बोललं असतं, तर तिनं ऐकून घेतलं असतं.

सुगी संपली त्या दिवशी सकाळी नाईक स्वतः खांद्यावर पोतं घेऊन आला. घामाघूम. दारात पोतं टेकवलं आणि खिशातून दोरी काढली. एक गाठ सुटलेली, दोन उरलेल्या. त्यानं म्हाळूच्या समोर दुसरी गाठ सोडली. ती अगदी सहज सुटली, कारण अजून ताजी होती.

“चिवट नाही झाली,” नाईक म्हणाला. “वेळच्या वेळी सोडली की होत नाही म्हणे.”

त्याच्यामागे भाचा उभा होता. पोतं कुठं जातंय ते बघायलाच तो आला होता. म्हाळूनं त्याला जवळ बसवलं आणि अंगणातल्या मातीत काठीनं रेघ काढली. “हे बघ, इथं वळताना वजन उजव्या पायावर. डाव्यावर नाही. मी डाव्यावर टाकायचो. आणि पुढच्या आठ जणांच्या पाठीकडे बघ. वाट तिथं दिसते.”

पुढच्या वर्षीच्या खेळात भाचा असा पळाला की म्हाताऱ्यांनाही आपली तरणी पावलं आठवली. पडायची भीती नव्हती ना त्याच्या पायांत. आणि पुढल्या निवडीला चावडीसमोर सोळा वर्षांची अकरा पोरं रांगेत उभी होती. त्यांच्या आया मागे उभ्या राहून ओरडत होत्या, “पळ रे, आणखी जोरात पळ!”

म्हाळू दगडूच्या शेजारी बसून ते बघत होता आणि हसत होता.

तात्पर्य : ज्यांच्या पायांवर गाव जिंकतं, त्यांचे पाय थकल्यावरचा शब्द गावानं आधी द्यावा, आणि हरल्यावरही पाळावा.